लंडनमध्ये ट्रेनी सॉलिसिटरसाठी अर्ज: १४ पैकी १२ नकार, चुकतंय कुठे?

धोटा | ९ नोव्हेंबर २०२५, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मी इचलकरंजीची. पुण्यात पाच वर्षांचं बीए एलएलबी केलं, २०२४ मध्ये सनद काढली, एआयबीई (बार कौन्सिलची वकिलीची परीक्षा) ही पास झाले. मग एका वकीलसाहेबांकडे वर्षभर ज्युनियर होते. या सप्टेंबरपासून लंडनला एलएलएम करतेय. शैक्षणिक कर्ज आहे, घराची कागदपत्रं बँकेत आहेत. त्यामुळे 'अनुभव घेतला, आले परत' म्हणायची सोय नाही.

आल्यापासून कमर्शियल (कंपन्यांची कामं करणाऱ्या) लॉ फर्म्सना ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट (सॉलिसिटर होण्याआधीची उमेदवारी) आणि व्हेकेशन स्कीमचे (सुट्टीतली छोटी इंटर्नशिप) १४ अर्ज केले. ९ फॉर्मवरच गेले, ३ ऑनलाइन टेस्टनंतर, दोघांचं उत्तर नाही. नकाराच्या मेलमध्ये कारण देत नाहीत.

'आमचीच फर्म का' या प्रश्नाला मी साधारण असं लिहिते (मराठीत करून टाकतेय): "आपल्या फर्मची जागतिक ख्याती, नामवंत क्लायंट आणि सहकार्याची संस्कृती मला आकर्षित करते. कायद्याची मला पहिल्यापासून आवड आहे. भारत आणि ब्रिटन यांच्यातला दुवा होण्याची माझी इच्छा आहे."

काय चुकतंय? स्पष्ट सांगा, रडणार नाही.

शंकासुर | १० नोव्हेंबर, सकाळी ७:१५

स्पष्ट हवंय म्हणून सांगतो. एलएलएमवर इथे नोकरी मिळत नाही. हे निघायच्या आधी विचारायचं होतं.

आल्याचा चहा | १० नोव्हेंबर, सकाळी ८:०२

शंकासुर, ती विमानातून उतरून दोन महिने झालेत. आता 'आधी विचारायचं होतं' या सल्ल्याचा उपयोग काय? सविस्तर रात्री लिहितो, शिफ्टला निघालोय.

टेम्सकाठ | १० नोव्हेंबर, दुपारी १:४०

वयाने बरीच मोठी आहे म्हणून एकेरीत लिहिते. दहा वर्षं सिटीतल्या (लंडनच्या व्यापारी भागातल्या) एका लॉ फर्ममध्ये आहे. दरवर्षी आमच्याकडे अर्जांचा एक गठ्ठा असोसिएट्सना (फर्ममधल्या नोकरदार वकिलांना) वाचायला देतात, त्यात मीही असते.

धोटा, तू दिलेला परिच्छेद म्हणजे लग्नपत्रिका आहे. नावं बदलली की कुणाच्याही मांडवात चालते. एका बैठकीत साठ-सत्तर फॉर्म वाचावे लागतात, त्यातल्या चाळीसांत ही तीन वाक्यं असतातच.

'दुवा' तर काढूनच टाक. आपल्याकडची झाडून सगळी मुलं दुवा व्हायला निघालेली असतात. मोठ्या फर्म्सची भारताची कामं पंचवीस-तीस वर्षं लंडन आणि सिंगापूरहून चाललीत. परदेशी फर्मला भारतात ऑफिस थाटता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ च्या बालाजी निकालात सांगितलं. बार कौन्सिलने २०२३ मध्ये नियम काढून दार थोडं किलकिलं केलं, २०२५ मध्ये ते नियम सुधारले. हे ठाऊक नसताना 'तुमचं भारतातलं काम वाढवीन' लिहिलं, तर वाचणाऱ्याला कळतं की हिने गृहपाठ केलेला नाही. आणि ट्रेनीकडून क्लायंट आणायची अपेक्षा कुणाची नसते. रात्री दहा वाजता पार्टनरने पाठवलेल्या करारातले कलमांचे आकडे बरोबर जुळलेत का, हे तपासणारं माणूस त्यांना हवं असतं.

एक विचारू? इचलकरंजीची, आणि आयडी 'धोटा', म्हणजे मागावर आडवा धागा नेणारा. घरी माग आहेत का?

धोटा | १० नोव्हेंबर, दुपारी ४:१०

हो ताई. २४ साधे माग. आम्ही खर्चीवाले.

पाणीपुरी | १० नोव्हेंबर, दुपारी ४:२२

खर्चीवाले म्हणजे? (अवांतर आहे, पण शिकायचंय.)

धोटा | १० नोव्हेंबर, दुपारी ४:५०

सूत व्यापाऱ्याचं. तो सायझिंग झालेले (खळ दिलेले) बीम, म्हणजे ताण्याचं उभं सूत गुंडाळलेले रूळ, आणि बाण्याचं (आडवं) सूत देतो, आम्ही विणून कापड परत द्यायचं आणि पिकावर (आडव्या धाग्यांच्या संख्येवर) मजुरी घ्यायची. माग, जागा, कामगार, वीज सगळं आमचं. वीजबिलाला तारीख असते, मजुरीला नसते. ती व्यापाऱ्याला आठवेल तेव्हा येते. आईला दर दिवाळीला बोनस वाटायला उसनवारी करावी लागते. असो, याचा फॉर्मशी काय संबंध?

टेम्सकाठ | १० नोव्हेंबर, सायंकाळी ६:३०

सगळा संबंध तिथेच आहे. २०२४ च्या मार्चमध्ये तुमच्याकडे काय झालं? आयकराचं ४३बी(एच) कलम आलं तेव्हा?

धोटा | १० नोव्हेंबर, रात्री ९:०५

तुम्हाला ते माहितीये?? इथे कुणाला सांगून कळत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आयकर कायद्यात नवीन कलम आलं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकवायचं. नाही चुकवलं, तर पैसे प्रत्यक्ष देईल त्या वर्षापर्यंत खरेदीदाराला तो खर्च उत्पन्नातून वजा करता येत नाही. म्हणजे उधारी ठेवली तर टॅक्स जास्त. कायदा आमच्यासाठीच होता.

झालं उलटं. आमच्या व्यापाऱ्याने बाबांना पेढीवर बोलावलं, चहा दिला आणि म्हणाला, "उद्यमची (लघुउद्योगाची सरकारी) नोंदणी रद्द करून या, नाहीतर पुढचा बीम नाही." नोंदणी नसली की त्याला ४५ दिवसांची अट लागत नाही ना.

बाबांनी रद्द केली नाही. दोन महिने ८ माग बंद ठेवले. मग एका दुसऱ्या व्यापाऱ्याने काम दिलं, पण तो म्हणाला १५ दिवस जमणार नाही, लेखी ४५ करा. तो करार मी लिहिला. दोन पानी. तेव्हा शेवटच्या सेमिस्टरला होते. त्यात मी घातलं होतं की तागे तपासून नापसंत असतील तर ५ दिवसांत लेखी कळवायचं, नंतर तक्रार चालणार नाही. कारण ते लोक पैसे द्यायच्या दिवशीच कापडात खोट काढतात.

टेम्सकाठ | १० नोव्हेंबर, रात्री ९:४८

आणि हे तू १४ फॉर्मांपैकी एकातही लिहिलं नाहीस.

धोटा | १० नोव्हेंबर, रात्री ९:५५

नाही. लाज वाटली. वर्गातली पोरं प्रायव्हेट इक्विटीबद्दल बोलतात. मी काय सांगू, बाबांच्या बीमची गोष्ट?

काळा घोडा | १० नोव्हेंबर, रात्री १०:३०

पोरी, मी फोर्टात चाळीस वर्षं सॉलिसिटर आहे. सप्लाय करारात माल नाकारण्याची मुदत घालायला मी स्वतः तिसऱ्या वर्षी शिकलो, तेही एका क्लायंटचं नुकसान झाल्यावर. तू ती शेवटच्या सेमिस्टरला घातलीस. लाज कसली वाटून घेतेस?

अवांतर: विलायतेत जिला आज ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट म्हणतात तिला पूर्वी 'आर्टिकल्स' म्हणायचे आणि ट्रेनीला आर्टिकल्ड क्लार्क. तिकडे ते नाव गेलं. मुंबईत मात्र बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटरची परीक्षा अजून आहे आणि आमच्याकडे पोरं अजून 'आर्टिकलशिप'ला येतात. विलायतेने टाकलेला अंगरखा आम्ही अजून इस्त्री करून घालतो.

टेम्सकाठ | ११ नोव्हेंबर, दुपारी १:१५

फॉर्ममध्ये 'कमर्शियल अवेअरनेस' विचारतात तेव्हा मुलं पेपरातली बातमी सांगतात. व्याजदर वाढले, अमुक कंपनीने तमुक कंपनी घेतली वगैरे. बातमी आम्हीही वाचलेली असते. आम्हाला बघायचं असतं की पैसा कुणाच्या खिशातून कुणाच्या खिशात आणि कधी जातो, आणि नियम बदलला की माणसं त्यातून कशी वाट काढतात, हे हिला दिसतं का. तुझ्याकडे नियम आहे, नियमाने चिडलेला खरेदीदार आहे, त्याची पळवाट आहे, तिची तुमच्या घराला बसलेली किंमत आहे आणि तुझ्या हातचा कागद आहे. २५० शब्दांच्या रकान्यात याहून जास्त मावतही नाही.

लिहिताना बाबांची व्यथा दोन ओळींत आटप. तिथे रेंगाळलीस तर वाचणारा हळहळेल आणि पुढचा फॉर्म उचलेल. जागा दे ती कराराला. ४५ दिवस का मान्य केले, त्या बदल्यात काय मागितलं, आणि आज परत लिहायचा झाला तर काय बदलशील. हा शेवटचा भाग कुणीच लिहीत नाही.

तो बदल काय असेल? इथेच सांग बघू.

धोटा | ११ नोव्हेंबर, दुपारी ३:३३

बीम आमच्या शेडमध्ये असताना आग लागली किंवा पाणी शिरलं तर नुकसान कुणाचं, हे मी लिहिलंच नव्हतं. सूत त्यांचं, शेड आमची. विम्याचा उल्लेखच नाही.

टेम्सकाठ | ११ नोव्हेंबर, दुपारी ३:४१

बास. हेच लिही.

काळा घोडा | ११ नोव्हेंबर, दुपारी ४:००

🙂

आल्याचा चहा | ११ नोव्हेंबर, रात्री ११:२०

काल लिहितो म्हटलं होतं, आज वेळ मिळाला. मी मँचेस्टरला असतो, मूळ अकोला. धोटाने पहिल्याच पोस्टमध्ये एक शब्द लिहिलाय आणि कुणी तो उचलला नाही: सनद.

ज्याच्याकडे काहीच नाही त्याला इथे सॉलिसिटर व्हायला डिग्री, एसक्यूई या पात्रता परीक्षेचे दोन टप्पे आणि दोन वर्षांचा मान्य अनुभव लागतो. ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट हा तो अनुभव मिळवायचा एक मार्ग, साधारण सहा-सहा महिन्यांच्या चार सीट, म्हणजे वेगवेगळ्या विभागांतल्या पाळ्या. पण परदेशात आधीच वकील असलेल्याला तो दोन वर्षांचा अनुभव लागत नाही. एसक्यूई पास व्हायची, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडून गुड स्टँडिंगचं (सनद चालू आणि निष्कलंक असल्याचं) सर्टिफिकेट आणायचं, चारित्र्याची तपासणी पार पाडायची की नाव लागतं. कामाचा अनुभव दाखवून एसक्यूई-२ मधून सूटही मागता येते. पण ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही आणि वर्षभराच्या ज्युनियरशिपवर मिळेल असं धरून चालू नकोस.

एसक्यूई-१ म्हणजे प्रत्येकी १८० प्रश्नांचे दोन पेपर, दोन वेगळ्या दिवशी, सगळे पर्यायी उत्तरांचे. सोपं वाटतं ना? पहिल्या खेपेला निम्म्याच्या आसपासच पास होतात. मी एकदा आपटलो. मालमत्ता आणि ट्रस्ट या विषयांनी घात केला, कारण आपली नजर भारतीय कायद्याची. एसक्यूई-२ मध्ये १२ लेखी आणि ४ तोंडी चाचण्या. दोन्हींची फी मिळून ४९०० पौंडांच्या घरात, क्लास वेगळा. एसक्यूई-१ भारतातल्या सेंटरवरूनही देता येते, तोंडीला मात्र इंग्लंड-वेल्समध्येच हजर व्हावं लागतं.

मी पॅरालीगल (वकिलांचा मदतनीस) म्हणून लागलो, ती नोकरी करत परीक्षा दिल्या, आता त्याच फर्ममध्ये सॉलिसिटर आहे. ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टचं तोंड पाहिलं नाही.

शंकासुर | १२ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

चहा, तुमचं अभिनंदन, पण अर्धीच गोष्ट सांगताय. नाव लागणं वेगळं, नोकरी लागणं वेगळं. एसक्यूई पास झालेले आणि इथला अनुभव नसलेले किती जण लिंक्डइनवर फिरतायत बघा. क्लासवाले हेच सांगून फिया उकळतात.

आल्याचा चहा | १२ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

मान्य. म्हणूनच 'नोकरी करत' म्हटलं. आधी पॅरालीगल, मग परीक्षा. उलटं केलं तर तुम्ही म्हणता तसंच होतं.

टेम्सकाठ | १२ नोव्हेंबर, दुपारी १:०५

शंकासुरांशी सहसा पटत नाही, आज पटलं. दोन्ही दारं ठोठावत राहायची. मोठ्या फर्मचं ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट मिळालं तर परीक्षेची फी, क्लास आणि राहण्याचा भत्ता तेच देतात. पण त्या साधारण दोन वर्षं आधी निवड करतात. आत्ताचा अर्ज बहुतेक २०२८ च्या बॅचसाठी. तोवर व्हिसाचं काय? हा तुझा खरा प्रश्न आहे, आणि तो तू विचारलाच नाहीस.

पाणीपुरी | १२ नोव्हेंबर, दुपारी २:२६

व्हिसाचं मी सांगते, नवऱ्याचं नुकतंच निस्तरलंय.

ग्रॅज्युएट व्हिसा (शिक्षण संपल्यावर इथे राहून काम करायचा) सध्या २ वर्षांचा. १ जानेवारी २०२७ पासून केलेल्या अर्जांना १८ महिनेच मिळणार. तुझा कोर्स सप्टेंबर २०२६ ला संपेल. पण युनिव्हर्सिटीने होम ऑफिसला 'कोर्स यशस्वी पूर्ण' असं कळवल्याशिवाय अर्ज करता येत नाही. म्हणजे डेझर्टेशनला (एलएलएमच्या प्रबंधाला) मुदतवाढ घेतलीस, निकाल लांबला आणि डिसेंबर गेला, की सहा महिने हातचे गेले. मुदतवाढ घेऊ नकोस, कितीही ताप आला तरी.

त्यापुढे स्किल्ड वर्कर, म्हणजे नोकरीचा व्हिसा. त्याला सध्या सर्वसाधारण पगाराची अट ४१,७०० पौंड, नवख्यांना ३३,४००, आणि त्या-त्या कामाचा ठरवलेला दरही बघतात. नवख्यांची सवलत एकूण ४ वर्षं, त्यात ग्रॅज्युएट व्हिसाची वर्षं धरतात. शिवाय मालकाकडे स्पॉन्सरचं (परदेशी माणसाला नोकरीवर घ्यायचं) लायसन्स हवं. त्या मालकांची यादी सरकारी साइटवर आहे. अर्ज करायच्या आधी फर्मचं नाव त्यात शोध. गल्लीतल्या छोट्या फर्मकडे ते बहुतेक नसतं.

अजून एक. उन्हाळ्याची व्हेकेशन स्कीम घेताना जपून. एलएलएमवाल्यांचा उन्हाळा व्हिसाच्या लेखी सुट्टी नसतो, डेझर्टेशन चालू असतं, म्हणून आठवड्याला २० तासांची मर्यादा तशीच राहते. स्कीम असते पूर्णवेळ. युनिव्हर्सिटीच्या व्हिसा ऑफिसला मेल टाकून लेखी उत्तर घे आणि फर्मलाही आधीच सांग.

धोटा | १२ नोव्हेंबर, रात्री १०:४०

उन्हाळ्याचं मला खरंच माहीत नव्हतं. चार स्कीम्सना अर्ज केलेत! उद्याच विचारते.

अजून दोन शंका. फॉर्मवर बारावीचे मार्क ए-लेव्हलमध्ये (इथल्या बारावीच्या श्रेणीत) कसे लिहू? आणि टेस्ट. वॉटसन-ग्लेझर या तर्कशक्तीच्या टेस्टमध्ये तिन्ही वेळा उडाले.

टेम्सकाठ | १३ नोव्हेंबर, दुपारी १:२०

मार्क स्वतः रूपांतरित करू नकोस. मूळ टक्के लिही आणि स्पष्टीकरणाच्या रकान्यात तुझ्या विद्यापीठात फर्स्ट क्लास किती टक्क्यांना मिळतो ते एका वाक्यात सांग. इथे ६० ते ६९ म्हणजे टू-वन (सेकंड क्लासातला वरचा), आणि बहुतेक फर्म्स तेवढंच मागतात. आमच्या बाबांना माझे एलएलएमचे ६४ टक्के कळले तेव्हा ते दोन दिवस फोनवर नीट बोलले नव्हते.

शंकासुर | १३ नोव्हेंबर, सायंकाळी ७:००

टेस्टचं माझ्याकडून घ्या, हे मी शिकवतो.

४० प्रश्न, बहुधा ३० मिनिटं. पाच भाग. आपल्या मुलांची दांडी गुल होते ती गृहीतकांत आणि अनुमानांत, कारण आपण बाहेरचं ज्ञान घुसडतो. उदाहरण:

विधान: 'उशीर झालाय, एसटी नको, रिक्षाने जाऊ.'
पहिलं गृहीतक: रिक्षा एसटीपेक्षा लवकर पोचवते. धरलेलं आहे, त्याशिवाय वाक्याला अर्थच नाही.
दुसरं: रिक्षा एसटीपेक्षा महाग असते. धरलेलं नाही. खरं आहे, सगळ्यांना माहीत आहे, पण बोलणाऱ्याने त्यावर काही उभारलेलं नाही.

तुम्ही दुसऱ्याला 'हो' म्हणत असणार.

अनुमानाच्या भागात पाच पर्याय असतात, खरं ते खोटं, मध्ये 'माहिती अपुरी'. तो पर्याय निवडायला आपण घाबरतो, शाळेत 'माहीत नाही' म्हटलं की छडी बसायची ना. उताऱ्यात नसेल तर अपुरी. संपलं.

धोटा | १३ नोव्हेंबर, सायंकाळी ७:१८

मी 'हो'च म्हटलं होतं. 😑 धन्यवाद सर.

आल्याचा चहा | १३ नोव्हेंबर, सायंकाळी ७:२५

शंकासुर धाग्यात उपयोगी पडले, तारीख लिहून ठेवा.

टेम्सकाठ | १४ नोव्हेंबर, दुपारी १:३०

'आमचीच फर्म का' राहिलं. वेबसाइटवरची मूल्यं-बिल्यं सोड. कंपनीज हाउसवर (कंपन्यांच्या सरकारी नोंदणीच्या साइटवर) जा, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असलेल्या फर्मचे वार्षिक हिशेब तिथे फुकट बघायला मिळतात. उत्पन्न कुठल्या देशातून किती, माणसं किती वाढली, पार्टनर किती. तीन वर्षांचे शेजारी ठेवून वाच. जे बदललंय त्यावर एक प्रश्न तयार कर. (स्लॉटर अँड मे ही मोठी फर्म तिथे शोधू नकोस, ती अजून जुन्या पद्धतीची भागीदारी आहे, तिला हिशेब जाहीर करावे लागत नाहीत.)

आणि फक्त त्या पाच 'मॅजिक सर्कल'च्या, म्हणजे लंडनच्या सगळ्यात नावाजलेल्या फर्म्सच्या, मागे लागू नकोस. ब्रिस्टल, लीड्स, बर्मिंगहॅमला चांगल्या कमर्शियल फर्म्स आहेत. कारखानदार क्लायंट असलेल्या फर्मला तुझी मागाची गोष्ट लंडनच्या बँकिंगवाल्यांपेक्षा लवकर कळेल. ४० अर्ज नकोत, ८ कर. एका अर्जाला दोन संध्याकाळी जातात, जाऊ देत.

धोटा | २३ नोव्हेंबर, रात्री १२:१०

ताई, तीन अर्ज नव्याने केले, दोन लीड्सला. एकाची टेस्ट आली, 'माहिती अपुरी'ला न घाबरता सोडवली, पुढच्या फेरीला बोलावलंय. व्हिडिओ इंटरव्ह्यू, प्रत्येक उत्तराला दोन मिनिटं.

काल बाबांना फोन करून कराराची प्रत मागितली. त्यांनी फोटो पाठवला, कागदावर तेलाचा डाग आहे, मागाशेजारच्या खिळ्याला अडकवून ठेवलाय म्हणे. व्यापाऱ्याचा मुनीम आला की त्याला तिथूनच दाखवतात.

एक अडलंय. 'खर्चीवाला' इंग्रजीत काय सांगू? जॉब वर्कर म्हटलं की रोजंदारीवरचा माणूस वाटतो.

काळा घोडा | २३ नोव्हेंबर, सकाळी ८:४५

खर्चीवालाच म्हण. मग दहा सेकंदांत समजावून सांग: 'ज्याचे माग स्वतःचे पण सूत दुसऱ्याचं, तो.' दोन मिनिटांत तेवढे बसतात. घड्याळ लावून म्हणून बघ.